उघड्या काट्यावरचा व्यवहार

धाराशिव जिल्ह्याच्या वायव्येस, बालाघाटच्या टेकड्यांच्या आधाराने पसरलेल्या भूम तालुक्यात पाऊस वेळेवर येईलच असे कोणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि आला तरी मुरमाड जमिनीत तो किती टिकेल याचा भरवसा नसतो. सबब येथील शेतकऱ्याने आपल्या संसाराचा एक पाय शेतात आणि दुसरा गोठ्यात रोवून ठेवलेला आहे. दूध मात्र नाशवंत. पेठा दूर, रस्ते कच्चे आणि दूध थंड ठेवण्याची सोय नाही, अशा काळात सकाळी काढलेले दूध नासू द्यायचे नसेल तर ते आटविण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, आणि या अगतिकतेतूनच भूम, ईट, पाथरूड, वालवड या परिसरात खव्याच्या भट्ट्या पेटल्या. याच तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण व देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान म्हणून जैन समाजात पूज्य मानले जाते. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना घेऊन देह ठेवला तो येथेच. यात्रेकरूंच्या शिदोरीतून कुंथलगिरीचा पेढा दूरवर गेला आणि ज्यांनी हा डोंगर कधी डोळ्यांनी पाहिला नाही त्यांच्याही जिभेवर त्याचे नाव रुळले.

या धंद्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावयाचे म्हणजे खव्याच्या चवीकडे नव्हे, तर त्या चवीपर्यंत पोहोचेतो किती हात एकमेकांवर विसंबून राहतात याकडे पाहावयाचे. दूध घालणारा शेतकरी भट्टीवाल्याच्या मापावर विसंबतो. भट्टीवाला शेतकऱ्याच्या चरवीवर, की तिच्यात विहिरीचे पाणी मिसळलेले नाही. खव्याचा व्यापारी भट्टीवाल्यावर, की घट्टपणा आणण्यासाठी कढईत पीठ पडलेले नाही. पुण्याचा किंवा हैदराबादचा मिठाईवाला त्या व्यापाऱ्यावर, की पाटीतला माल आजचा आहे, परवाचा नाही. आणि दिवाळीच्या तोंडावर भेसळीच्या बातम्या वाचून धास्तावलेले गिऱ्हाईक या सर्वांवर, म्हणजे खरे पाहता कोणावरच नाही. एवढ्या लांब साखळीत एक कडी जरी संशयाची निघाली तरी त्या संशयाची किंमत संपूर्ण साखळीला मोजावी लागते, आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की ती सर्वांत जास्त मोजतो तो प्रामाणिक माणूस. पाणी घालणाऱ्याचे दूध आणि न घालणाऱ्याचे दूध यांतला भेद घेणाऱ्याला कळत नसेल तर घेणारा दोघांनाही मधलाच भाव देतो. त्या भावात पाणी घालणाऱ्याचा फायदा होतो, न घालणाऱ्याचा तोटा होतो, आणि काही दिवसांनी न घालणारा एकतर धंदा सोडतो किंवा विहिरीची वाट धरतो.

हा विचार काही नवा नाही, पण त्याला शास्त्राच्या भाषेत नेटकेपणाने मांडले ते जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने, १९७० साली. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्याने दाखवून दिले, की विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. आपल्या वाचकांना मौज वाटेल ती अशी, की त्या निबंधात हिंदुस्थानातील गृहिणीचाही उल्लेख आहे. बाजारातल्या तांदुळात मुद्दाम मिसळलेले खडे ती कसे निवडीत बसते ते त्यात सांगितले आहे. पुढे २००१ साली अकरलॉफला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या आज्यांनी सुपात खडे निवडण्यात घालविलेल्या तासांचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. ते तास म्हणजे अविश्वासाची मजुरीच होती.

व्यापार करावयाचा म्हणजे काही झाकून ठेवलेच पाहिजे, ही समजूत आपल्याकडे इतकी जुनी आहे, की तिला एके काळी कापडाचे रूपसुद्धा मिळालेले होते. महाराष्ट्रातील धान्याच्या व कापसाच्या पेठांमध्ये हत्ता नावाची पद्धत चालत असे. घेणारा व्यापारी आणि आडत्या उपरण्याखाली किंवा रुमालाखाली एकमेकांचे हात धरीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याच्या वर्षभराच्या कष्टाचा तो माल असे तो शेतकरी दोन हात अंतरावर उभा राहून त्या कापडाच्या हालचालीकडे बघत राही. भाव ठरला म्हणजे त्याला आकडा सांगितला जाई, आणि मग हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा नाना नावांनी त्या आकड्याला कात्री लागून जे उरे ते पदरात घेऊन तो घराकडे वळे. आडत्या वस्तुतः शेतकऱ्याचा मुखत्यार. परंतु ज्याची मुखत्यारी करावयाची त्याच्याच डोळ्यांवर पडदा टाकून ती करण्याची ही रीत कित्येक पिढ्या बिनबोभाट चालली. मला वाटते, त्या कापडाखाली नेहमी लबाडीच होत असेल असे नाही; पुष्कळदा अगदी वाजवी भावही ठरत असेल. पण वाजवी भाव ठरला हे शेतकऱ्याला कळावे कसे? झाकलेल्या व्यवहारात प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही, हा त्या पद्धतीचा खरा दोष होता.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शेतकी कमिशनने आपल्या १९२८ च्या अहवालात बाजारातल्या अशा प्रकारांवर बोट ठेवले आणि नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली. त्यापूर्वीच वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा बाजार नियमांखाली आणला गेला होता आणि १८९७ मध्ये वऱ्हाडापुरता कायदाही झाला होता. भूम व सगळा मराठवाडा त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता. त्या राज्यात शेतमालाच्या बाजारांचा कायदा १९३० साली आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांची व्यवस्था सर्वत्र लागू केली. या सगळ्या कायद्यांतील कलमे, पोटकलमे व दंडाच्या तरतुदी बाजूला सारल्या तर त्यांचा गाभा एवढाच उरतो, की रुमाल काढा, भाव मोठ्याने बोला, काटा सर्वांना दिसेल असा टांगा आणि हिशेबपट्टी लेखी द्या. बाजार समित्यांत पुढे जे राजकारण माजले त्याबद्दल कोणी कितीही कडवटपणे बोलले तरी उघड लिलाव ही त्यांनी शेतकऱ्याला दिलेली देणगी नाकारता येणार नाही.

याहूनही मागे गेले म्हणजे १८७५ साल लागते. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांत दंग्यांची लाट पसरली. या दंग्यांची विशेष गोष्ट अशी, की लोकांचा रोख माणसांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना पाहिजे होते ते कर्जरोखे. रोखे मिळाले म्हणजे ते जाळावयाचे आणि निघून जावयाचे. ज्या कागदावर आपला अंगठा उमटला आहे त्यात काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, फेडलेल्या रकमेची पावती ज्याला मिळत नाही आणि वर्षाअखेर मुद्दल किती व व्याज किती हे ज्याला विचारण्याची सोय नाही, त्या माणसाच्या दृष्टीने तो कागद म्हणजे शत्रूच होय. चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत, सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लेखी द्यावा आणि मागितल्यास पासबुकही द्यावे, अशा तरतुदी होत्या. व्याजाच्या जाचापेक्षा न कळणारा हिशेब अधिक जाचक असतो, हे सरकारला उमगावयाला रोख्यांच्या होळ्या पेटाव्या लागल्या.

आता पुन्हा दुधाकडे वळू. कारण उघडेपणाने विश्वास कसा निर्माण होतो याचे सर्वांत चोख उदाहरण जगाच्या इतिहासात जर कोणत्या धंद्यात सापडत असेल तर ते दुधाच्याच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात चीज व लोणी यांचे कारखाने निघाले तेव्हा शेतकऱ्याला दुधाचे पैसे वजनावर मिळत. पाणी घालणाऱ्यालाही तेच पैसे, वरची साय काढून घेणाऱ्यालाही तेच, आणि ज्याच्या गाईचे दूध घट्ट त्यालाही तेच. गावागावांत भांडणे होत. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाही. तेथील विद्यापीठाच्या शेती संशोधन केंद्रात स्टीफन बॅबकॉक नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८९० साली एक साधी रीत जाहीर केली: मानेवर रेघा आखलेल्या बाटलीत दुधाचा नमुना घ्यावयाचा, त्यात गंधकाम्ल मिसळावयाचे, बाटल्या चक्रात घालून गरगर फिरवावयाच्या आणि मानेत वर चढलेल्या स्निग्धांशाची रेघ वाचावयाची. ती रेघ शेतकऱ्यालाही दिसे आणि कारखानदारालाही. बॅबकॉक यांनी या युक्तीचे पेटंट घेतले नाही. ज्याला हवी त्याने ती वापरावी असे ठेवले. त्या राज्याचे माजी गव्हर्नर हॉर्ड हे स्वतः दुग्धव्यवसायाचे मोठे पुरस्कर्ते. या चाचणीने जितके गवळी प्रामाणिक केले तितके बायबलनेही केले नसतील, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार सांगतात. त्यानंतर लवकरच स्वित्झर्लंडमध्ये गेर्बर यांनी काढलेली अशीच पद्धत पुढे आपल्या देशातील दूध संस्थांत रूढ झाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. विस्कॉन्सिनचे शेतकरी त्या बाटलीमुळे सद्गुणी झाले असे नव्हे. तपासता येते हे कळल्यामुळे फसविण्यात हशील उरले नाही, आणि फसविले जात नाही हे कळल्यामुळे हळूहळू तपासण्याचीही गरज वाटेनाशी झाली. विश्वासाची रीत अशी उफराटी आहे: ज्याची शहानिशा केव्हाही करता येते त्याचीच शहानिशा करण्याचा माणसाला कंटाळा येतो; आणि जे दाखविण्याचे नाकारले जाते त्याच्याच भोवती त्याचे मन रात्रंदिवस घोटाळत राहते. जुने हलवाई दुधाचा नमुना समोर आटवून त्याचा उतारा काढून दाखवीत, त्यामागेही हेच शहाणपण होते. म्हशीच्या साडेचार-पाच लिटर दुधात सामान्यतः किलोभर खवा बसतो, गाईचे दूध पातळ असल्यामुळे त्याहून लिटरभर अधिक लागते. तेव्हा नमुन्याचा खवा तराजूत पडला म्हणजे दुधात पाणी किती होते यावर वाद घालण्याचे कारणच उरत नसे.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९४६ साली त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली सहकारी दूध संघ उभा राहिला आणि १९४९ मध्ये आणंदला आलेल्या व्हर्गीस कुरियन यांनी त्याचा वटवृक्ष केला, ही कथा आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. तिच्यातला एक लहानसा भाग मात्र मला नेहमी मोठा वाटतो. गावातल्या संस्थेच्या दारात सकाळ-संध्याकाळ एकच रांग लागे. जो आधी आला तो आधी उभा, मग त्याची जात कोणतीही असो आणि त्याची जनावरे दोन असोत की वीस. माप सर्वांच्या देखत, नमुना सर्वांच्या देखत, नोंद पासबुकात आणि पैसे नियमाने. या रांगेत उभ्या राहणाऱ्यांमध्ये एकमेकांविषयी प्रेम असेलच असे नाही, पण शेजाऱ्याच्या दुधाला जो नियम तोच आपल्याही दुधाला, ही गोष्ट प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत दिवसातून दोनदा घडत होती. सहकार ज्याला म्हणतात त्याची सुरुवात भाषणांतून झाली नसून अशा रांगांतून झाली असावी. इंग्लंडात रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस जणांनी आपले दुकान काढले तेव्हा त्यांनीही निर्भेळ माल, पुरते माप आणि सभासदांपुढे वेळोवेळी मांडलेला हिशेब यांवरच भर दिलेला होता.

परंतु जो हिशेब दाखविला जातो तो उघडा असतोच, असे समजणे भाबडेपणाचे होईल. आज आपल्या खेड्यांतील दूध संकलन केंद्रावर शेतकऱ्याच्या हाती यंत्रातून निघालेली चिठ्ठी पडते. तीवर लिटर असतात, फॅट असते, एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घन पदार्थ असतात, दर असतो आणि रक्कम असते. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट व साडेआठ एसएनएफ धरून दर जाहीर होतो. त्याखाली उतरले की प्रत्येक पॉइंटमागे कपात, तिला लोक 'रिव्हर्स पॉइंट' म्हणून ओळखतात. आता ज्या यंत्राने हे आकडे काढले ते यंत्र केव्हा प्रमाणित केले, कोणी केले, हे त्या चिठ्ठीवर नसते. काटा शंभर मिलिलिटरच्या टप्प्याने मोजणारा असेल आणि वरचे उरलेले सोडून देणारा असेल तर नव्व्याण्णव मिलिलिटरपर्यंतचे दूध हिशेबात येतच नाही. एका वेळेला ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण दिवसाला दोन वेळा आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस अशी बेरीज केली म्हणजे ते एखाद्या गरीब घराच्या औषधपाण्याइतके होते. कागद दिला, आकडे दिले, तरी त्या आकड्यांची रुजवात घालण्याचे साधन दिले नाही, तर तो कागद म्हणजे जुना रुमालच होय. फक्त आता तो छापील आहे. म्हणून माझ्या मते उघडेपणाची कसोटी देणाऱ्याकडून लागत नाही. ज्याला कमी कळते, ज्याच्या हातात कमी आहे, त्याला स्वतः ताडून पाहता आले की नाही, यावरच ती लागते.

हे झाले भट्टीच्या बाहेरचे. भट्टीच्या आत काय? कढईवर उभे राहून, जाळाची धग तोंडावर घेत, खवा खाली लागू नये म्हणून अखंड घोटीत राहणारा माणूस मालकाच्या घरचा असेल तर त्याला आजचा भाव ठाऊक असतो. मजूर असेल तर नसतो. बहुतेक लहान धंद्यांतून आपल्याकडे हीच स्थिती आहे. मालकाची कीर्द-खतावणी ही देवघरातील पोथीप्रमाणे फडक्यात बांधलेली असते आणि ती सोडण्याचा अधिकार एका हाताला असतो. यामागची कारणे समजण्यासारखी आहेत: नफा कळला तर मजुरी वाढवून मागतील, तोटा कळला तर काम सोडून जातील, भाऊबंदांना कळले तर वाटणी मागतील, आणि करखात्याला कळले तर काय होईल ते बोलावयासच नको. तथापि मालकाने न सांगितल्यामुळे मजूर अंदाज बांधणे थांबवितात असे थोडेच आहे? ते बांधतातच, आणि त्यांचा अंदाज नेहमी खऱ्या नफ्याच्या कितीतरी वर असतो. मंदीच्या वर्षी मालक खरोखर अडचणीत येऊन उचल देण्याचे नाकारतो तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. कारण बऱ्या दिवसांत त्याने कोणाला काही दाखविलेले नसते.

ही वही उघडून दाखविल्याचे एक उदाहरण अमेरिकेतच सापडते. मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे इंजिने दुरुस्त करण्याचा एक कारखाना १९८३ साली मूळ मालक कंपनीने विकावयास काढला. जॅक स्टॅक आणि त्यांचे सहकारी मिळून तेरा व्यवस्थापकांनी तो विकत घेतला, तोही जवळजवळ सर्व रक्कम कर्जाऊ काढून. एक हप्ता चुकला तर सारे बुडणार, अशा स्थितीत स्टॅक यांनी जमाखर्च, ताळेबंद आणि हाती असलेली रोकड हे सारे कामगारांसमोर मांडले, आणि केवळ मांडून न थांबता ते वाचावयास शिकविले. झाडू मारणाऱ्यापासून यंत्रावर बसणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला आपल्या हातून वाया गेलेल्या सुट्या भागाची किंमत ताळेबंदाच्या कोणत्या ओळीत जाऊन बसते हे कळू लागले. कारखाना तगला आणि वाढला. कामगार भागीदार झाले. 'शिकविले' या क्रियापदाकडे आपल्याकडील उद्योजकांचे लक्ष विशेष वेधावेसे वाटते, कारण ताळेबंद फलकावर चिकटविणे सोपे आहे, आणि तो कोणाला वाचता येत नाही हे लक्षात येऊनही मनातल्या मनात समाधान मानणे त्याहून सोपे आहे.

याउलट आपल्याकडे एक निराळ्या जातीचा विश्वास होऊन गेला. औंध संस्थानातील माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपली वाडी वसविली तेव्हा त्यांनी तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना रखवालीवर नेमले, आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. हे मोठ्या मनाचे काम होते. परंतु असा विश्वास ही एका माणसाची देणगी असते; ती वारसाला मिळेलच असे नाही आणि शेजारच्या कारखान्यात तर नाहीच नाही. सामान्य कुवतीच्या माणसांनी चालविलेल्या सामान्य धंद्यात, जेथे मालक काही महात्मा नसतो आणि मजूरही नसतो, तेथे रोजच्या रोज उघडा पडणारा हिशेबच त्या मोठ्या मनाची जागा भरून काढतो. त्याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र निघाले, हेही येथे नमूद करावेसे वाटते. कारखान्यातली हकीकत बाहेर सांगण्यासारखी असते, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

आणि हे सारे खेड्यात, निरक्षर माणसांत जमेल का, या शंकेचे उत्तर धाराशिव जिल्ह्यातच मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावे जमीनदोस्त झाली. पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातील बायकांना घरबांधणीवर देखरेख करणाऱ्या जाणत्या म्हणून पुढे आणले, आणि त्यातून पुढे बचतीचे व लहान धंद्यांचे काम वाढले. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केलेला होताच. आज मराठवाड्यातील कोणत्याही गावात गटाची बैठक पाहिली तर तिचा विधी सारखाच दिसतो: साऱ्या जणी गोलाकार बसतात, प्रत्येकीची बचत सर्वांसमोर मोजली जाते, कोणाकडे किती कर्ज आहे, कोणाचा हप्ता थकला आहे, हे वहीतून मोठ्याने वाचले जाते, आणि मगच पेटीला कुलूप लागते. जिला वाचता येत नाही तिला ऐकता येते, आणि आपला आकडा तर तिला तोंडपाठच असतो. मुनिमाने बंद खोलीत केलेल्या तपासणीत जे वर्षभर निसटते ते या बैठकीत मिनिटभरही निसटत नाही. मुंबईत गिरगावात सात बायकांनी १९५९ मध्ये ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग मांडला. त्याचीही मुळे अशाच चोख हिशेबात आणि नफ्या-तोट्याच्या समान वाट्यात आहेत.

तरीही बचत गटाच्या बैठकीतील या जाहीर वाचनाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या बाईच्या घरी आजारपण आले म्हणून हप्ता थकला, तिचे नाव भर बैठकीत वाचले जाते तेव्हा तो उघडेपणा तिला चाबकासारखा लागतो. कित्येक धंद्यांतून आता कामाच्या जागेवर कॅमेरे बसविलेले असतात. मजूर केव्हा पाणी प्यायला गेला हे मालक घरी बसून पाहतो आणि यालाही पारदर्शकता असेच नाव दिले जाते. वरून खाली बघणारा डोळा आणि खालून वर बघणारा डोळा यांत महदंतर आहे. पहिला पाळत ठेवतो. विश्वास दुसऱ्यामुळे बसतो, आणि तो बसविण्यासाठी ज्याच्या हाती काटा, वही व पेटी आहे त्यालाच आधी आपला हात पुढे करून दाखवावा लागतो. भट्टीवाल्याने आपल्या पेढ्याची कृती, आच केव्हा मंदावावी याचे मर्म, आपल्या गिऱ्हाइकांची नावे चव्हाट्यावर मांडावीत असे कोणीच म्हणणार नाही. ती त्याची दौलत आहे. मापाचा, भावाचा आणि कपातीचा आकडा मात्र त्याच्या एकट्याच्या दौलतीत मोडत नाही.

कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकन लाभलेले आहे, आणि त्यामुळे हा प्रश्न भूमपुरता तरी केवळ तात्त्विक राहिलेला नाही. १९९९ च्या ज्या कायद्याने हे मानांकन दिले जाते त्याचे वैशिष्ट्य असे, की त्याखाली मिळालेले नाव कोणा एका दुकानदाराचे नसते. ते त्या भूभागातील सर्व उत्पादकांचे असते, आणि नोंदणी केलेल्या कोणाही वापरकर्त्याला ते लावता येते. साहजिकच एका कढईत स्टार्च पडला तर बदनामी साऱ्या तालुक्याची. अन्न सुरक्षा नियमांनुसार खव्यातील कोरड्या अंशात किमान तीस टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते. स्टार्चची भेसळ तर आयोडीनच्या एका थेंबाने उघडी पडते, खवा निळा होतो आणि शाळेतल्या मुलालाही तो रंग दिसतो. परंतु आजवर जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, एकमेकांचे दूधवाले फोडीत होते, उचल देऊन शेतकरी बांधून ठेवीत होते, त्या भट्टीवाल्यांनी आता एकमेकांच्या कढईत डोकावावे आणि आपल्याही कढईत डोकावू द्यावे, ही मागणी लहान नाही.

तिची सुरुवात कोठून व्हावी, याबद्दल दोन मते संभवतात. एक मत असे, की सरकारी निरीक्षक नेमावेत, प्रयोगशाळा काढावी, नमुने उचलावेत. ते व्हावेच. माझे मन मात्र दुसऱ्या मताकडे ओढ घेते: आधी दूध घालणाऱ्याच्या बाजूचा काटा सरळ व्हावा. ज्या भट्टीवर दहा मिलिलिटरपर्यंत मोजणारा काटा शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलेला असेल, आजचा खव्याचा घाऊक भाव आणि त्यावरून काढलेला दुधाचा दर दारावर खडूने लिहिलेला असेल, महिन्यातून एकदा कोणाही दूधवाल्याच्या मागणीवरून नमुना समोर आटवून उतारा काढला जात असेल, आणि उचलीची बाकी प्रत्येकाच्या पासबुकात नोंदवून त्याच्या घरी राहत असेल, त्या भट्टीवर पाणी घातलेले दूध आणावयास माणूस धजणार नाही, कारण रांगेतला शेजारीच त्याला हटकेल. दूध शुद्ध आले म्हणजे खव्याची निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी पुण्या-हैदराबादच्या टोकाला आहे, जेथे व्यापारी आजही सकाळी फोनवरून भाव कळवितो, संध्याकाळी माल 'नरम' निघाला म्हणून तो परस्पर कापतो, आणि भट्टीवाल्याच्या हाती जी पट्टी येते तिच्यातील कपातीचे कारण विचारण्याची सोय त्यालाही नसते. शेतकऱ्यापुढे काटा वळवून ठेवणाऱ्या दहा भट्टीवाल्यांनी एकत्र येऊन आपल्यापुढचाही काटा वळवून मागितला, तर तो मागण्याचा अधिकार त्यांना निश्चितच असेल.